पाचवी पिन

पट्ट्याचा आवाज थांबला आणि दांड्याचा सुरू झाला. बंद दाराबाहेर गुडघ्यांवर बसलेल्या रुपालीला दोन्हींतला फरक लहानपणापासून माहीत होता. पट्टा सटासट वाजतो. फावड्याचा दांडा वाजत नाही. कुणी जड पोतं खाली ठेवावं तसं होतं.

दार लोखंडी. लॅच लागलेलं, किल्ली वडिलांच्या, आबांच्या खिशात. आत आबा आणि आई.

रुपालीने मांडीवर रेक्झिनची सुरळी उलगडली. किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या अकरा लोखंडी काड्या, प्रत्येकीचं टोक निराळं. पुण्यात रविवारी दुपारी ती जुनी कुलपं घेऊन बसायची, छंद म्हणून. कुठल्या कुलपाला कुठलं टोक, यावर मैत्रिणींशी तासन्‌तास वाद घालायची. आज दोनच काड्या कामाच्या होत्या. नागमोडी टोकाची काडी आत घालून खसाखस मागेपुढे ओढली, तर लॅच अर्ध्या मिनिटात उघडलं असतं. पण ती करवतीसारखी बोलते. बारीक आकड्याची मुकी. त्या काडीने कुलपातल्या पिना एकेक करून उचलाव्या लागतात. पिना पाच. निदान पाच मिनिटं.

शेजारच्या आक्काबाई पहार घेऊन धावत आल्या.

"ही घे पोरी, फोड ते दार! पोलिसांची गाडी राहुरीवरनं निघाली हाय, पर ती कवा यायची?"

"नको, आक्का. दारावर आवाज झाला की आबा जास्त मारतात."

"मग ह्या काड्यांनी काय त्याचं कान कोरतीस?"

रुपालीने आकड्याची काडी उचलली.

एका हाताने किल्लीच्या भोकात अडकवलेली पातळ पट्टी धरून ताण दिला, दुसऱ्याने आकडा आत सरकवला. पहिली पिन बसली. आत दांडा पडला. आई ओरडली नाही. आई कधीच ओरडायची नाही. दुसरी बसली. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून गेल्या. तेवढ्या गोंगाटात नागमोडी काडी सहज खपली असती, हे ट्रॉल्या वळणापलीकडे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिसरी. चौथीला घामाने पट्टी निसटली आणि बसलेल्या सगळ्या पिना कुलपातच परत खाली घसरल्या. तिने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

पाचवी बसली तेव्हा आत शांत होतं. टक् झालं, दार उघडलं.

आबा कॉटवर बसून सदऱ्याच्या टोकाने मान पुसत होते. दांडा भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. त्यांनी तिच्या हातातल्या काडीकडे पाहिलं.

"एवढं येत हुतं, तर आदी न्हाई का उघडायचं?"

आक्काबाईंच्या हातातली पहार फरशीवर पडली. केवढा आवाज झाला. भांडं पडलं तरी दचकणारी आई हलली नाही. कपाटाला टेकून ती पडली होती, डोळे उघडे. तिचा उजवा हात तिच्याच तोंडावर गच्च दाबलेला होता, नखं गालात रुतलेली.

रुपाली तिच्यापाशी बसली आणि तो हात सोडवू लागली. एकेक बोट. हळूच, आवाज न होऊ देता.