बेचाळीस अंश

पंखा अर्धा तास फिरला, पण पाऱ्याने हलायचं नाव घेतलं नाही.

भुजंग मास्तर ओसरीवर खिडकीच्या गजांना डोळे लावून बसले होते. हसनाबादच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि घरातही शिकवायचे. घरात कोणी विचारलेलं नसायचं, एवढाच फरक. शाळेतला थर्मामीटर त्यांनी आतल्या भिंतीला टांगला होता. माणसांच्या अंगाच्या उबेने आकडा चुकू नये म्हणून सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं. त्यात बाळंतपणाला माहेरी आलेली बेबीनंदाही होती. नववा महिना, वर पत्रे आणि मे महिना. तीन दिवस पोरीच्या डोळ्याला डोळा नव्हता.

तिच्यासाठीच तिच्या आईने, कौसल्याबाईंनी, भावाकरवी जुन्या जालन्यातून टेबलफॅन मागवला होता. पटला नाही तर दोन दिवसांत वापस, असं दुकानदार म्हणाला होता. मास्तरांनी तेवढंच बराबर लक्षात ठेवलं.

"आधी बेचाळीस, आता बी बेचाळीस," त्यांनी निकाल जाहीर केला. पंखा हवा थंड करत नाही, नुसती फिरवतो, हे आठवीच्या वर्गाला सांगावं तसं दोनदा सांगितलं. मग आत जाऊन त्यांनी बटण बंद केलं, पंखा ओसरीवर आणला आणि खोक्यात घालून सुतळी बांधायला घेतली.

कौसल्याबाई लेकीला पदराने वारा घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तुमच्या थर्मामीटरला घाम येतो का वो? माह्या लेकीला येऊन राह्यला."

सुतळी मास्तरांच्या हातातच राहिली. घाम वाळला की अंग गार होतं, आणि वाऱ्याने तो लवकर वाळतो, हे वाक्य अठरा वर्षं ते पोरांकडून घोकून घेत होते. ज्याला येत नसे त्याला बाकावर उभं करत होते. आता आपण कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. लाज वाटली. मनातल्या मनात त्यांनी स्वतःला एक भला मोठा भोपळा दिला.

पंखा पुन्हा आत गेला. बेबीनंदा त्याच्यासमोर आडवी झाली. मास्तर तिच्या पायाशी बसले आणि सवयीने त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"आता किती हाये, बाबा?" तिने डोळे मिटता मिटता विचारलं.

"बेचाळीसच," मास्तर ओशाळून म्हणाले.

पण ते ऐकायला ती जागी नव्हती.