पाचपैकी पाच

"हात हलवू नकोस, लेका. रायफल आहे ती, लॅपटॉप नव्हे," आबा म्हणाले, आणि नेमका तेव्हाच अंबरीशच्या हातून स्क्रू सुटून टेबलाखाली गेला.

परदेशातल्या उइटहॉर्न गावी अंबरीशच्या घरात शनिवारी सकाळी टेबलावर पोहे असायचे. आज तिथे जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर थ्री नॉट थ्री आडवी पडली होती. कुठल्यातरी लष्कराने मोडीत काढलेली ही रायफल अंबरीशने गेल्या वर्षी घेतली, नेमबाजी क्लबचं सभासदत्व आणि सगळे परवाने रीतसर मिळाल्यावर. त्याच्याकडे राहायला आलेल्या आबांनी, म्हणजे त्याचे वडील निवृत्त सुभेदार नीळकंठ जगदाळे यांनी, ती पाहिली आणि ते इतके खूश झाले की दोन दिवस सुनेलासुद्धा 'शाबास जवान' म्हणत होते.

पैज लागली तीही या रायफलीवरूनच. आई गेल्यापासून आबा साताऱ्याजवळच्या गावात एकटे राहत होते. वर्षभरात दोनदा अंगणात पडले. अंबरीशची धाकटी बहीण ऋजुता पुण्याहून रोज फोन करून त्यांच्या मागे लागायची: माझ्याकडे राहायला या. आबांचं उत्तर ठरलेलं.

"लेकीच्या घरी मुक्काम ठोकू? गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. आणि माझे डोळे, हातपाय सगळं शाबूत आहे."

"शाबूत आहे ना? मग दाखवा," अंबरीश एकदा चिडून म्हणाला. "शंभर मीटर, पाच गोळ्या. पाचही काळ्या वर्तुळात बसल्या तर खुशाल गावी राहा, कुणी चकार शब्द काढणार नाही. एक जरी चुकली तर बिऱ्हाड ऋजुताकडे."

आबांनी लगेच हात पुढे केला. "सुभेदाराचा शब्द. फक्त दुर्बीण बसवून दे. नेम धरायच्या साइटचं टोक हल्ली धूसर दिसतं."

आणि म्हणून आज ही धांदल. बंदुकीला भोक न पाडता बसणारा, दुर्बीण धरून ठेवणारा माउंट जर्मनीहून मागवला होता. मागची जुनी साइट काढली, माउंट तिच्या जागी चपखल बसला, तेव्हा दोघेही एकदम "वा!" म्हणाले. स्क्रू पुसून, त्यांच्या आट्यांना थेंबभर गोंद लावून आबा एकेक हातात देत होते. दुर्बिणीतली फुली सरळ आहे की नाही, ते त्यांनी छोटी पाणसळ ठेवून तीनदा पाहिलं.

"अजून पुढे सरकव. धक्का बसला की भुवई फुटेल माझी."

"नळीतून खिडकीबाहेर नेम बघायचा का?" अंबरीशने विचारलं.

"बघ की! पाच मिनिटांत पोलीस दारात," त्याची बायको मृणालिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि ऋजुताचा फोन आहे, घे आधी!"

अंबरीश आत गेला. ऋजुता कुजबुजतच बोलत होती. "दादा, एक स्क्रू ढिला ठेव ना. कुणाला कळतंय?"

"वेडी आहेस का?"

"ते पुन्हा पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? तू तिकडे, मी इकडे. मला झोप लागत नाही रे."

त्याने फोन ठेवला. मृणालिनी त्याच्याकडे बघत होती. "तुला त्यांना हरवायचंय की जिंकवायचंय, ते एकदाचं ठरव बाबा."

शेवटचा स्क्रू राहिला होता. पाव आटा कमी पिळला असता तर दुसऱ्याच गोळीला दुर्बीण हलली असती. आबा चष्मा पुसत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. अंबरीशचा हात क्षणभर थांबला. मग मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडून त्याने स्क्रू गच्च पिळला. आबा हरायला हवे होते, अगदी हवे होते, पण असे नाही.

दुपारी क्लबमध्ये रेंज सांभाळणाऱ्या विमने पाहुण्याचे कागद तपासले. अंबरीशने आधी स्वतः गोळ्या झाडून दुर्बीण जुळवली. चौथी गोळी बरोब्बर मधोमध! त्याला नाचावंसं वाटलं. तीन नंबरच्या निशाणावर आबांसाठी नवा कागद लावून तो परत आला, तोवर आबांची मोडक्या इंग्रजीत विमशी गट्टी जमली होती.

आबा पालथे झोपले. पाठ सरळ, गाल लाकडाला टेकलेला. बहात्तर वर्षांचा माणूस एकदम तिशीतला दिसायला लागला.

एक. दोन. तीन. मध्ये एक लांब श्वास. चार. पाच.

अंबरीशने मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. तीन नंबरचा कागद कोराच्या कोरा होता.

"किती लागल्या?" आबांनी विचारलं.

"एकही नाही, आबा."

आबा सावकाश उठून बसले, कानावरचे आवाज अडवणारे मफ काढले, कपाळ पुसलं. "हरलो म्हणजे. शब्द म्हणजे शब्द. ऋजुताला सांग, खोली आवरून ठेव म्हणावं. गावात कुणी विचारलं तर सांगेन, पैज हरलो, इलाज नव्हता."

अंबरीशला गलबलून आलं. जे हवं होतं तेच झालं होतं, तरी त्याला ते बघवत नव्हतं. आबा रायफलीवरून हात फिरवत बसून राहिले.

विम कागद काढून घेऊन आला. त्यातला एक, चार नंबरचा, त्याने अंबरीशसमोर धरला. काळ्या वर्तुळाच्या अगदी मध्यावर, आमटीच्या वाटीच्या तळाएवढ्या जागेत, पाच भोकं होती.

"अरे देवा! शेजारच्या कागदावर?" अंबरीश म्हणाला. "नंबर दिसला नाही त्यांना. डोळे खरंच गेलेत."

विमने मान हलवली आणि आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "गोळ्या भरण्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं, चार नंबरवर आज कुणी नेम धरत नाहीये ना, म्हणून."