तीन गुलाबी

"तिन्ही सारखेच तर आहेत, आई," मुलगा म्हणाला. "एक सांगून टाक. पेंटर कधीचा खोळंबलाय."

गुलाबी रंगाचे तीन पुठ्ठे टेलरबाईंनी भिंतीला टेकवून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून त्या बसल्या होत्या. मुलाला खरंच तिन्हींत फरक दिसत नव्हता. सुनेला दिसत होता, पण तिला हे प्रकरण एकदाचं मिटायला हवं होतं.

ही मुलाच्या फ्लॅटमधली मागची खोली. परवापरवापर्यंत तिच्यात जुन्या बॅगा आणि कुणी कधी न चालवलेली व्यायामाची सायकल होती. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. आईने आता इथे राहायला यायचं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं हे विचारायची सोय नव्हती, कारण घराघरांतून अशा गोष्टी आपोआप ठरत असतात. आईच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. ते येऊन भिंती ठोकून बघून गेलं होतं. शिवणाचं मशीन कुणा गरजू बाईला द्यायचं होतं. "आयुष्यभर शिवलंस, आता डोळ्यांना आराम दे," मुलगा म्हणाला होता, आणि मग अर्धं राज्य दिल्याच्या थाटात त्याने सांगितलं होतं, "खोलीचा रंग मात्र तुझ्या पसंतीचा."

टेलरबाई म्हणाल्या होत्या, "गुलाबी."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा आणि सून भांडणाची तयारी करून बसले होते आणि म्हातारी रंगावर आली होती. सुनेने लगेच शेडकार्ड आणलं. पेंटर खोलीच्या भिंतीवरच नमुने मारायला निघाला, तेव्हा टेलरबाईंनी त्याला थांबवलं.

"पुठ्ठ्यावर लावून द्या. रंग उजेडात नेऊन बघितल्याशिवाय कळत नाही."

हे त्यांच्या धंद्यातलंच होतं. ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी कापडाला दोरा जुळवला नाही. कापड आणि रीळ घेऊन त्या दाराबाहेर जायच्या, उन्हात धरायच्या, मगच सुईत दोरा जायचा. दोरा जरासा चुकला तरी शिवण लांबून ओरडते, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे रोज संध्याकाळी त्या पुठ्ठे पिशवीत घालून घरी नेऊ लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर परत आणू लागल्या, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. "आई छान रमलीय," मुलगा फोनवर सगळ्यांना सांगत होता. तोवर पेंटरचा हॉल आणि स्वयंपाकघर उरकलंसुद्धा.

"हा पहिला," टेलरबाई आता पेंटरला म्हणाल्या, "याच्यात पिवळं आहे. दुपारपर्यंत याचं बिस्कीट होतं. तो तिसरा निळ्यावर जातो, संध्याकाळी मुका मार लागल्यासारखा दिसतो. हा मधला घ्या. सकाळी फिका वाटतो, पण दुपारी ऊन आत आलं की असा खुलतो म्हणून सांगू."

पेंटरने खिडकीकडे पाहिलं. समोर शेजाऱ्यांची भिंत होती आणि तिच्यावरून उतरलेला एक पाइप.

"पण आजी, इथं ऊन कुठं येतं?"

"इथं नाही येत."

मुलाने मधल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मग तू हा रंग बघितलास कुठे?"

"माझ्या भिंतीवर. मशीनच्या मागे."

"आई, त्या घराचं बोलणं झालंय."

"तुझं झालंय, माझं नाही. तो माणूस काल मापं घ्यायला आला होता. घर विकायचं नाही असं सांगून त्याला परत पाठवला." त्यांनी मधला पुठ्ठा उचलून घेतला. "येतेस का म्हणून मला कुणी विचारलंच नाही रे. रंग तेवढा विचारलात, तो मी सांगितला."

मुलाचा चेहरा उतरला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही.

"मग या खोलीचं काय करायचं?" सुनेने हळूच विचारलं.

"हिला पांढरा द्या. सायकल उठून दिसेल."

सुनेला हसू आलं आणि ते लपवायला ती खिडकीकडे वळली. टेलरबाई स्टुलावरून उठल्या. मधला पुठ्ठा त्यांनी पेंटरच्या हातात दिला, बाकीचे दोन मुलाच्या.

"उद्या सकाळी माझ्याकडे या," त्या पेंटरला म्हणाल्या. "भिंत आधी नीट घासून घ्या, मग दोन हात द्या. मशीनवर चादर टाका हवी तर, पण ते जागचं हलवायचं नाही."