मागच्या हॉलमधले बेड

मिनेसोटातल्या डुलुथ शहरातल्या त्या निवाऱ्यात जानेवारीची मोजणी आली की निवारा चालवणाऱ्या ओफेलियाचं डोकं फिरायचं. बेघरांसाठी किती बेड आहेत ते वर सरकारला कळवायचं असे, आणि मोजणीवाले प्रुइट साहेब दरवर्षी मागच्या हॉलमधले बारा बेड त्यात धरायचे. त्या हॉलमध्ये आजवर एकही बेड आला नव्हता.

"येतील हो बाई! आत्ता नुसते दाखवायचेत."

"दाखवायचेत? यादीत तुमचे ते बेड बघून हेल्पलाइनने डेल्बर्टला इकडे पाठवला. कुठे झोपवायचं होतं मी त्याला, तुमच्या डोक्यावर? बसस्टॉपवर गोठून मेला तो!"

"वाईट झालं," साहेब म्हणाले आणि थबकले. "आत कोण आहे?"

हॉलमधून प्लास्टिकच्या गाद्यांची करकर ऐकू येत होती. झोपलेलं माणूस कूस बदलताना होते, तशी.

"तो गेल्यापासून हेच चाललंय," ओफेलिया म्हणाली. "जा ना, मोजा."

तिने कुलूप काढलं. साहेब तणतणत आत गेले आणि मधोमध उभे राहिले. उघड्या फरशीवर दुपारचं ऊन पसरलं होतं. गादी नव्हती, माणूस नव्हतं. करकर मात्र चहूबाजूंनी येत होती.

मग ती थांबली, आणि अगदी साहेबांच्या पायाशी कोणीतरी खोकलं. तो खोकला ओफेलियाच्या ओळखीचा होता.

"ताई, दार लाव गं," डेल्बर्ट म्हणाला. "गारठा आत येतोय."

तिने दार लावलं. साहेब आतच होते.