कान्हेरीच्या वाटेवरचा चिखल

कोकिलाचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि सावरायच्या आत दुसराही गेला.

कान्हेरीच्या जंगलातली वाट होती. फाल्गुन लागला होता, काटेसावरी फुलल्या होत्या. पण परवाच्या अवकाळी पावसानं वाटेचा पार लगदा केला होता. गिरगावातल्या एका शाळेतल्या चौघी शिक्षिका रविवार गाठून फिरायला आल्या होत्या. पुढारीण सुमती. तिला वाट पाठ होती म्हणे. तासाभरात एकाच धोंड्याला त्या तिसऱ्यांदा भेटल्या होत्या.

वाट चुकल्याचं सुमतीला एवढं काही वाटत नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीनं. जानेवारीत मोर्च्यावर झालेल्या गोळीबारात लालबागच्या मालनच्या भावाच्या मांडीत गोळी घुसली. त्याच आठवड्यात गुजराती म्हणून कोकिलाच्या बापूजींच्या दुकानावर दगड पडले. तेव्हापासून या दोघी जिवलग मैत्रिणी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. म्हणून सुमतीनं एकीला दुसरीचा पत्ता लागू न देता दोघींना इथं आणलं. जंगलात आल्या की बोलतील, ही तिची भाबडी समजूत. दोघी सकाळपासून नुसत्या झाडं बघत होत्या.

"अगं, हलू नकोस, आणखी रुतशील!" चौथी, मृणालिनी, ओरडली. तिनं आणि सुमतीनं कोकिलाचा एकेक हात धरून ओढला. एकीनं आधी, दुसरीनं नंतर. कोकिला वर येण्याऐवजी वीतभर खालीच गेली.

लांब उभ्या असलेल्या मालनला ते बघवेना. तिनं पदर खोचला.

"ओढताय की अंतरपाट धरलाय गो? सरा बाजूला. सगळ्यांचा जोर एकदम लागायला हवा." तिनं कोकिलाचं मनगट धरलं, टाचा रोवल्या, आणि गेले चार महिने मोर्च्यांत तोंडी बसलेलं तेच तिच्या तोंडून निघालं. मनात काहीही नव्हतं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" सुमती आणि मृणालिनी सवयीनं ओरडल्या आणि तिघींनी हिसका दिला. कोकिला जराशी वर आली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

या खेपेला आवाज तीन होते. पच्चकन एक पाय सुटला.

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, सुमतीला कळेना.

मालननं कोकिलाकडे पाहिलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. "तू कशाला ओरडलीस?"

"तू ओढत होतीस ना," कोकिला म्हणाली.

दुसरा पाय अजून आतच होता. मालननं पुन्हा मनगट घट्ट धरलं, टाचा रोवल्या, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"एक-दोन-तीन म्हण की," मृणालिनी कुजबुजली.

मग कोकिलानंच बारीक आवाजात हाक दिली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि मालनच्या तोंडाकडे बघत राहिली.

भर मोर्च्यात लाठ्या चालू असतानाही मालननं हे उत्तर बेंबीच्या देठापासून दिलं होतं, पण आज ते काही केल्या तिच्या घशाबाहेर येईना.