नमुना क्रमांक सात

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. लांबलचक टेबल. वर कुरकुरणारा पंखा. त्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून पेपरवेट ठेवून दाबलेला एक पांढरा सदरा, शाळेच्या गणवेशाचा. त्याचा खिसा उलटा करून ठेवलाय. टेबलाच्या अलीकडे तो शिवणारी बाई उभी आहे. बसायला खुर्ची आहे, पण ती बसलेली नाही.

“खूण सापडली म्हणजे नमुना बाद,” पलीकडून मॅडम म्हणाल्या. खरेदी खात्याच्या त्या मुख्य. “नियम तुम्हाला पाठ असेल, बाई. कुणी शिवलंय हे कळता कामा नये. एकदा कळलं की वशिला सुरू.”

बाईला नियम पाठच होता. तिच्या कारखान्यात बारा मशिनी होत्या आणि त्यांवर बारा जणी. त्यातल्या आठ मशिनींवर गेले तीन महिने कापड झाकलेलं होतं. या गणवेशाचं काम मिळालं असतं तर वर्षभर एकही मशीन झाकावी लागली नसती. म्हणून नमुन्याचा सदरा तिने दुसऱ्या कुणाला शिवू दिला नव्हता. नुसती कॉलरच तिने तीनदा उसवली होती. आणि मग एका ओळीचं पत्र आलं: नमुना क्रमांक सात, खुणेमुळे अपात्र. तिने दाद मागितली. आज सुनावणी. आज काय तो निकाल.

“खूण माझी नाही,” बाई म्हणाली. “लाल दोरा आहे तो. माझ्याकडे लाल दोऱ्याचं रीळच नाही. आत्ता चला, एकेक डबा उपडा करून दाखवते.”

ती खोटं बोलत नव्हती.

“मग काय आभाळातून पडली?”

“ते तुम्हीच सांगा. मी पाकीट लाख लावून दिलं. ते फोडलं कुणी? नावाची चिठ्ठी काढून सदऱ्याला आकडा लावला कुणी? तीन आठवडे कपाटाची किल्ली कुणाकडे होती?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

दारात भांडारातला म्हातारा कारकून उभा होता. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. सगळं ऑफिस त्याला कुलूपकाका म्हणायचं. चार महिन्यांत तो निवृत्त होणार होता. शाळेला सुट्टी म्हणून बाईने लेकीला बरोबर आणलं होतं. त्या नऊ वर्षांच्या पोरीला त्यानेच बाकावर बसवलं होतं, पाणी आणून दिलं होतं आणि कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हेही सांगितलं होतं.

“मी?” काका हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. “अहो बाई, मला सुईचं नाकं दिसत नाही. हे बघा.” त्याने स्वतःच्या सदऱ्याकडे बोट केलं. दुसऱ्या बटणाच्या जागी पिन होती. “हे एक बटण लावायला मला कुणी मिळत नाही, आणि मी तुमच्या खिशात लाल दोऱ्याचे मासे भरतोय होय? चोर सोडून संन्याशाला फाशी!”

ती पिन बाईला सकाळीच दिसली होती. दुसऱ्याच्या अंगावरचं तुटलेलं बटण दिसलं नाही, असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. क्षणभर ती थांबली. मग तिला झाकलेल्या आठ मशिनी आठवल्या.

“ज्याला सुई धरता येत नाही, त्याला दार उघडून देता येतं,” ती म्हणाली.

काकाचा चेहरा पडला. हात आपोआप किल्ल्यांवर गेला.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “असं लेखी द्याल? मग तुमचा नमुना पुन्हा धरावा लागेल. खरं सांगायचं तर शिवण सगळ्यांत तुमचीच चांगली आहे. आणि यांना आज संध्याकाळपर्यंत किल्ल्या जमा कराव्या लागतील.”

कागद पुढे आला. त्यावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या, खाली सहीची जागा. बाईने पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

“कसला मासा?”

पोर बाकावरून उठून टेबलापाशी आली होती. टाचा उंचावून तिने उलट्या खिशात पाहिलं. तिथे नखाएवढा लाल मासा होता. पाच टाके अंगाचे, दोन शेपटीचे.

“मध्ये बोलू नकोस गं,” बाई म्हणाली.

“आई, ज्याला हा सदरा मिळेल ना, त्याला खिशात काहीतरी गंमत सापडायला हवी होती.”

“काय?”

पोर घाबरली होती. तिने काकाकडे पाहिलं, मग आईकडे. बाईच्या हातातलं पेन दुसऱ्या अक्षरावर जे थांबलं, ते थांबलंच. तिची नजर लेकीच्या वेणीवर गेली होती. वेणीला लाल रिबीन होती, एका कडेने उसवलेली. महिनाभर ‘बदल ती, बदल ती’ म्हणून बाई तिच्या मागे लागली होती.

पोरीने हात वर करून त्या रिबिनीतून एक धागा ओढला. आईच्या खांद्यापाशी सुई नेहमी खोचलेली असायची, ती काढून घेतली. थुंकी लावून धागा ओवला. पेपरवेट बाजूला सारला, सदरा जवळ ओढला, आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या माशाशेजारी अगदी तस्साच दुसरा मासा काढला. मग दोरा दातांनी तोडला, आई तोडते तसा.