नव्याण्णव टक्के

शीतगृहाच्या गोठवणाऱ्या थंडीत नचिकेतची बायको अडकली होती आणि दाराचं एआय कुलूप त्याच्या एकाही आज्ञेला दाद देत नव्हतं.

"अहो, मी नटी आहे," त्याने मदतीला बोलावून आणलेल्या बकुळाताई पुन्हा म्हणाल्या. "मालिकेत हॅकर होते, पण समोरचा कीबोर्ड कशालाही जोडलेला नसायचा!"

"कुलपाला ते कुठे माहीत? हॅकिंग म्हणजे काय, हे त्याला तुमच्याच मालिका दाखवून शिकवलंय. खरी पद्धत त्याला ओळखूच येत नाही!"

बकुळाताईंनी गोंधळून चष्मा चढवला आणि दहाही बोटांनी कीबोर्ड वेड्यासारखा बडवला. पडद्यावर हिरवे आकडे धो धो कोसळू लागले.

"ॲक्सेस मिळाला!" त्या सवयीने ओरडल्या.

पट्टी सरकत नव्याण्णव टक्क्यांवर गेली आणि थांबली. स्पीकरमधून ढोल धडधडले. दारावरच्या कॅमेऱ्याने नचिकेतचा घामेजलेला चेहरा पडद्यावर तीनदा जवळून दाखवला.

"झालं ना? आता उघडेल ना?"

बकुळाताईंचे हात थबकले. "आज वार कोणता?"

"शनिवार. का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"शनिवारी आमच्या मालिकेत दार कधीच उघडायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "सोमवारी उघडायचं."